आवाजाची फाइल उघडत नाही तेव्हा आधी काय बघायचं

ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी फाइल ओढून टाकली आणि तिचा पत्ता लागला नाही, की पडद्यावर निरोप येतो: फाइलचा प्रकार ओळखता आला नाही, एफएफएमपेग टाकून बघा, फाइल अनकॉम्प्रेस्ड (न दाबलेली) असेल तर 'इम्पोर्ट रॉ डेटा' हेही करून बघा. घाईत असलेला माणूस यातलं 'असेल तर' सोडून बाकीचं वाचतो. रॉ डेटा निवडतो, समोर आलेली खिडकी न वाचता पुढचं बटण दाबतो आणि हेडफोनमधून कानठळ्या बसवणारा खरखराट सुरू होतो. लगेच निकाल लागतो: फाइल खराब झाली.

बहुतेक वेळा फाइल ठणठणीत असते. ती एएमआर, एमफोरए किंवा ओपस असते, म्हणजे कॉम्प्रेस्ड, आणि रॉ डेटा फाइलमधले आकडे जसेच्या तसे आवाज म्हणून वाचतो, त्यामुळे कॉम्प्रेस्ड फाइलला तो रस्ता लागूच होत नाही. पण 'खराब झाली' म्हणून ती डिलीट होते. हे मला फार लागतं, कारण या फाइली पुन्हा मिळणाऱ्या नसतात. जुन्या मोबाइलवर कुणीतरी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टिपलेल्या असतात, गावच्या सप्ताहातलं एखाद्या आजोबांचं पखवाजवादन असतं. म्हणून बाकी काहीही करायच्या आधी मूळ फाइलची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. जी काही खटपट करायची ती प्रतीवर. आणि फाइल नेमकी काय आहे हे कळेपर्यंत तिच्यात काहीही बदलू नका.

इथे उदाहरण म्हणून ऑडॅसिटी घेतलं आहे, कारण ते फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि २००० मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मेनूंची नावं बदलतील, अडचणी याच राहतील.

नाव, डबा आणि आतला माल

फाइलच्या नावामागे टिंब देऊन जे लिहिलेलं असतं, ती डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. डबा वेगळा आणि डब्यातला माल वेगळा. एमफोरए हा डबा आहे. त्यात बहुतेक वेळा एएसी पद्धतीने दाबलेला आवाज असतो, पण कधी कधी ॲपलचा एएलएसी असतो, ज्यात आवाजाचं काहीच गेलेलं नसतं. ऑग हाही डबाच. त्यात व्हॉर्बिस असेल, ओपस असेल, फ्लॅकही असू शकेल. वेव्ह फाइलमध्ये साधारणपणे न दाबलेला पीसीएम आवाज असतो, पण तसं बंधन नाही. काही जुनी यंत्रं वेव्हच्या डब्यात एडीपीसीएम किंवा चक्क एमपीथ्रीही भरून ठेवतात. तेव्हा 'वेव्ह आहे आणि तरी उघडत नाही' यात चमत्कार काही नाही.

चिठ्ठी बदलून माल बदलत नाही. फाइलचं नाव बदलून मागे एमपीथ्री लिहिलं म्हणजे ती एमपीथ्री झाली असं समजणारे खूप लोक आहेत, आणि अशा फाइली पुढे सगळीकडे फिरत राहतात. काही प्लेअर आत डोकावून खरा प्रकार ओळखतात, म्हणून ती वाजते. एडिटिंगचं एखादं सॉफ्टवेअर नावावर विश्वास ठेवतं आणि नकार देतं. अशा वेळी नाव खरं केलं की काम होतं.

खरं काय आहे ते बघायला मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. व्हीएलसी असेल तर फाइल वाजवताना कंट्रोल आणि जे दाबा. कोडेक (आवाज दाबण्याची पद्धत), सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला), चॅनेल सगळं समोर येतं. हातात यातलं काहीच नसेल तर प्रत नोटपॅडमध्ये उघडा. अगम्य चिन्हांचा गोंधळ दिसेल, पण पहिल्या ओळीची सुरुवात बघा. आर-आय-एफ-एफ आणि थोडं पुढे डब्ल्यू-ए-व्ही-ई दिसलं तर खरीखुरी वेव्ह. ओ-जी-जी-एस असेल तर ऑग. एफ-एल-ए-सी म्हणजे फ्लॅक. आय-डी-थ्री असेल तर बहुधा एमपीथ्री. पहिल्या दोन-चार चिन्हांनंतर एफ-टी-वाय-पी असेल तर एमफोरए किंवा एमपीफोर. आणि हॅश, उद्गारचिन्ह, मग ए-एम-आर असं असेल तर जुन्या मोबाइलचं रेकॉर्डिंग. बघून झालं की नोटपॅड 'सेव्ह' न करता बंद करा. सेव्ह केलंत तर त्या फाइलची खरोखरच वाट लागते.

एफएफएमपेग कशासाठी लागतं

वेव्ह, फ्लॅक, एमपीथ्री आणि ऑग व्हॉर्बिस ऑडॅसिटी स्वतःच्या बळावर उघडतं. एएसी, डब्ल्यूएमए, एएमआर यांच्यासाठी त्याला एफएफएमपेग ही वेगळी लायब्ररी लागते. ती सोबत न देण्यामागे तांत्रिक कारण नाही, पेटंट आणि परवान्यांचं आहे. एमपीथ्रीचंही बरीच वर्षं असंच होतं. एक्स्पोर्ट करायला लेम नावाची लायब्ररी वेगळी आणून जोडावी लागायची. २०१७ मध्ये एमपीथ्रीच्या परवान्यांचा कारभार संपला आणि २०१९ च्या २.३.२ आवृत्तीपासून लेम ऑडॅसिटीच्या आतच आलं. त्यामुळे 'लेम डाउनलोड करा' असं सांगणारा जुना व्हिडिओ दिसला तर सोडून द्या. त्या नावाने भलत्याच गोष्टी गळ्यात मारणाऱ्या साइट आजही आहेत.

एफएफएमपेग टाकूनही अडलं तर दोनच शक्यता आधी तपासा. ऑडॅसिटी ६४ बिटचं असेल तर एफएफएमपेगही ६४ बिटचंच हवं. ३२ बिटचं दिलं तर ते दिसतच नाही. दुसरं, एफएफएमपेगची कुठलीही आवृत्ती चालत नाही. ऑडॅसिटीच्या मदतपानावर जी सांगितली आहे तीच घ्या. टाकल्यावर ऑडॅसिटी बंद करून पुन्हा सुरू करा आणि प्रेफरन्सेसमध्ये लायब्ररीज या पानावर आवृत्तीचा आकडा दिसतो का ते बघा. दिसला तर काम झालं.

एवढा खटाटोप नको असेल तर व्हीएलसीच्या 'कन्व्हर्ट / सेव्ह' मधून फाइल वेव्ह करून घ्या आणि ती ऑडॅसिटीत उघडा. यात आवाज सुधारत नाही आणि बिघडतही नाही. दाबताना जे गेलं ते गेलं. वेव्ह केल्याने पुढची हानी तेवढी थांबते.

मोबाइलच्या फाइलींबद्दल इतकंच, की व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज ऑगच्या डब्यातला ओपस असतो आणि आयफोनचं व्हॉइस मेमो एमफोरए. जुन्या फोनमधल्या एएमआरचा सॅम्पल रेट ८,००० असतो, म्हणजे सेकंदाला ८,००० वेळा आवाज मोजलेला, आणि त्यात ४,००० हर्ट्झच्या वरचं काही असूच शकत नाही. त्या फाइलीत कितीही ट्रेबल वाढवला तरी टाळांचा झणत्कार येणार नाही. तो टिपलाच गेलेला नाही. बोलणं मात्र छान कळतं, आणि त्यासाठी ती फाइल जपायलाच हवी. आता नव्याने कुणाकडून आवाज मागवायचा असेल तर 'काकू, फोनच्या रेकॉर्डरमध्ये रेकॉर्ड करा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा. डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाइल जशीच्या तशी पोचते.

फाइल उघडली, पण आवाज त्या माणसाचा वाटत नाही

हा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे एरर येत नाही. सगळं सुरळीत दिसतं आणि चूक तशीच पुढे जाते.

ऑडिओ सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं, ठरले, व्हिडिओच्या दुनियेत ४८,०००. आता ४८,००० ने टिपलेली फाइल सॉफ्टवेअरने ४४,१०० ची समजून वाजवली, तर तेच नमुने संपायला जास्त वेळ लागतो. तासाभराचं कीर्तन पासष्ट मिनिटं आणि वर अठरा सेकंद चालतं, आणि सूर जवळजवळ दीड स्वर-पट्टी खाली येतो. पेटीवर ताडून बघा: काळी दोनमध्ये गाणाऱ्या बाई पांढरी दोन आणि काळी एक यांच्या मधेच कुठेतरी अडकतात. कुठलीच पट्टी धड जुळत नाही. उलटं झालं, ४४,१०० ची फाइल ४८,००० ची समजली गेली, तर सूर तेवढाच वर जातो आणि बोलणारा घाईत असल्यासारखा वाटतो. बोलण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ही चूक महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. आवाज ओळखीचा नसेल तर ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस असाच बोलतो.

फरक बरोबर एका सप्तकाचा असेल, म्हणजे आवाज दुप्पट वेगाने किंवा निम्म्या वेगाने येत असेल, तर सॅम्पल रेटवर पहिला संशय घेऊ नका. बहुधा मोनो फाइल स्टिरिओ म्हणून वाचली गेली आहे, किंवा स्टिरिओ मोनो म्हणून.

आता दुरुस्ती. ऑडॅसिटीत सॅम्पल रेट बदलायच्या दोन जागा आहेत आणि त्या एकमेकींच्या अगदी विरुद्ध कामाच्या आहेत. ट्रॅकच्या नावावर क्लिक केल्यावर येणाऱ्या मेनूत 'रेट' आहे. तो बदलला की नमुने तेच राहतात, ते किती वेगाने वाजवायचे एवढं बदलतं. म्हणजे सूर आणि लांबी दोन्ही बदलतात. चुकीचा समजलेला रेट दुरुस्त करायला हीच जागा. वरच्या 'ट्रॅक्स' मेनूत 'रीसॅम्पल' आहे. तिथे सूर आणि लांबी तशीच ठेवून नमुन्यांची संख्या नव्याने काढली जाते. व्हिडिओवाल्याने ४८,००० मागितलं आणि तुमचं रेकॉर्डिंग ४४,१०० चं आहे, सूर मात्र बरोबर आहे, तेव्हा ही जागा. यांची अदलाबदल झाली की बरोबर फाइल चुकते, किंवा चुकलेली फाइल चुकलेल्या सुरासकट नव्या रेटमध्ये पक्की होते.

रॉ डेटा खरोखर कामाला येतो तेव्हा

समजा रेकॉर्डर वेव्ह करत होता आणि कार्यक्रम संपता संपता बॅटरी गेली. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला साधारण ४४ बाइटचं एक हेडर असतं. आत काय आहे, किती रेटचं आहे, किती मोठं आहे हे त्यात लिहिलेलं असतं. मोठेपणाचा आकडा रेकॉर्डिंग थांबवल्यावर भरला जातो. थांबवलंच गेलं नाही, तर तिथे शून्य राहतं आणि काही सॉफ्टवेअर इमानदारीने सांगतात: फाइल रिकामी आहे. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये आकार बघा. तिथेही शून्य बाइट असेल तर उपाय फाइलीत नाही. ते कार्ड बाजूला काढा, त्यावर काहीही नवीन लिहू नका आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. पण तिथे कोटींमध्ये बाइट दिसत असतील तर आवाज आत आहे.

आता थोडं गणित, आणि हे गणित करण्यात मला दरवेळी मजा येते. समजा फाइल २१ कोटी १६ लाख ८० हजार बाइटची आहे आणि कार्यक्रम साधारण वीस मिनिटांचा होता हे माहीत आहे. वीस मिनिटं म्हणजे १,२०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला १,७६,४०० बाइट येतात. सोळा बिट म्हणजे एका नमुन्याला दोन बाइट, स्टिरिओचे दोन चॅनेल. चाराने भागलं की ४४,१००. फाइलने स्वतःची ओळख सांगितली. खरी फाइल इतकी काटेकोर जुळणार नाही, कारण कार्यक्रमाची लांबी आपण अंदाजाने धरतो. पण ४४,१०० च्या जवळ की ४८,००० च्या जवळ, सोळा बिट की चोवीस, एवढं बहुतेक वेळा कळतं.

मग फाइल, इम्पोर्ट, रॉ डेटा. खिडकीत एन्कोडिंग 'साइन्ड १६ बिट पीसीएम', बाइट ऑर्डर 'लिटल एंडियन', चॅनेल स्टिरिओ, सॅम्पल रेट ४४,१००. स्टार्ट ऑफसेट, म्हणजे सुरुवातीचे किती बाइट सोडायचे ते, ४४ ठेवा. काही रेकॉर्डर हेडरमध्ये तारीख-वेळ वगैरे लिहितात, त्यांचं हेडर लांब असतं. मग सुरुवातीला एक छोटीशी खर्र ऐकू येईल, ती कापून टाका. चोवीस बिटची फाइल असेल तर एका नमुन्याला तीन बाइट लागतात, म्हणून ४४ ने खरखराट आला तर ४५ आणि ४६ करून बघा. तिन्हींपैकी एकाने आवाज जागेवर येतो.

वाजवायच्या आधी हेडफोन काढा आणि आवाज कमी करा. मग आकृतीकडे बघा. वरपासून खालपर्यंत भरलेला एकसलग पट्टा दिसला तर एन्कोडिंग, बाइट ऑर्डर किंवा ऑफसेट चुकलं आहे. वाजवूच नका, अन्डू करून दुसरं घ्या. मधे मधे मोकळी जागा आणि उंचसखल भाग दिसले, शब्दांमध्ये माणूस श्वास घेतो तिथे रेषा बारीक झालेली दिसली, तर तो आवाज आहे.

एमफोरए रेकॉर्डिंग असं मध्येच तुटलं तर ही युक्ती चालत नाही. त्या डब्याची अनुक्रमणिका बऱ्याच फोनमध्ये शेवटी लिहिली जाते, आणि ती नसली की दाबलेल्या आवाजाचे तुकडे कुठे सुरू होतात हेच कळत नाही. त्यासाठी अनट्रंकसारखी साधनं आहेत. त्यांना नमुना म्हणून त्याच फोनवर, त्याच ॲपमध्ये, त्याच सेटिंगला केलेलं एक धडधाकट रेकॉर्डिंग लागतं. त्यामुळे तो फोन विकायच्या आधी एवढं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करून ठेवा.

लांब रेकॉर्डिंगची एक मर्यादा लक्षात असू द्या. वेव्हच्या हेडरमधला मोठेपणाचा आकडा ३२ बिटचा आहे, म्हणून साधी वेव्ह फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. ४८,००० रेट, चोवीस बिट, स्टिरिओ असेल तर चार तास आणि आठ-नऊ मिनिटांत ती मर्यादा येते. रात्रभराच्या भजनाला हे पुरत नाही. अनेक रेकॉर्डर आपोआप पुढची फाइल सुरू करतात. तुमचा करतो का, ते कार्यक्रमाच्या आधी बघा. आणि फॅट-थर्टीटू फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवरही एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते. 'कॉपी होत नाही' याचं ते नेहमीचं कारण.

जतन करताना होणारे घोळ

ऑडॅसिटीची प्रोजेक्ट फाइल ही आवाजाची फाइल नव्हे. ती कुणाला पाठवली तर त्यांच्या प्लेअरमध्ये वाजणार नाही. एक्स्पोर्ट करूनच पाठवायचं. २०२१ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये प्रोजेक्ट म्हणजे एक छोटी एयूपी फाइल आणि शेजारी 'डेटा' नावाने संपणारं फोल्डर असे. खरा आवाज त्या फोल्डरमध्ये, बारीक बारीक तुकड्यांत. कित्येकांनी फक्त एयूपी पेनड्राइव्हवर घेतली, कॉम्प्युटर फॉरमॅट केला आणि सगळं काम गमावलं. त्या फाइलीतून आवाज परत आणता येत नाही, तो तिच्यात कधी नव्हताच. जुन्या डिस्कवर ते फोल्डर सापडलं तर जपा आणि दोन्ही एकत्र ठेवूनच उघडा. ३.० पासून सगळं एकाच एयूपीथ्री फाइलीत असतं. फक्त ऑडॅसिटी चालू असताना तिची कॉपी काढू नका, कारण तेव्हा काही बदल शेजारच्या तात्पुरत्या फाइलीत असतात.

ऑडॅसिटी आतून ३२ बिट फ्लोटमध्ये काम करतं. त्यात आवाज शून्य डेसिबलच्या, म्हणजे साध्या फाइलीतल्या कमाल पातळीच्या, वर गेला तरी फुटत नाही, हवा तेवढा खाली आणता येतो. सोळा बिट वेव्ह एक्स्पोर्ट केली की जे वर होतं ते सपाट कापलं जातं, कायमचं. म्हणून पातळी आधी खाली आणा, मग एक्स्पोर्ट करा. उलट, ३२ बिट फ्लोटची वेव्ह गाडीतल्या प्लेअरला किंवा जुन्या साउंड सिस्टिमला बऱ्याचदा पचत नाही. कार्यक्रमाच्या ठिकाणी 'पेनड्राइव्ह वाजत नाही' असं झालं तर हे आठवा. सोळा बिट, ४४,१०० ची वेव्ह सोबत असली की अडत नाही.

एमपीथ्री शेवटच्या टप्प्यावरच करा. उघडलं, कापलं, पुन्हा एमपीथ्री केलं, असं प्रत्येक वेळी आवाजातलं थोडं जातं, आणि आधी जातात ते 'स', 'श' आणि टाळ-झांजांचे बारीक सूर. रियाजासाठी तानपुऱ्याचा लूप करणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. एमपीथ्री आवाजाचे ठरावीक मापाचे तुकडे करते आणि सुरुवातीला-शेवटी शांततेची भर घालते. त्यामुळे ऑडॅसिटीत निर्वेध फिरणारा लूप एमपीथ्री झाल्यावर दर फेरीला कचकतो. काप कितीही नीट घ्या, तो दोष जाणार नाही. लूप वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच ठेवा.

आणि जपून ठेवायच्या आवाजासाठी माझी शिफारस फ्लॅकची आहे, मूळ फाइलच्या शेजारी. वेव्हपेक्षा जागा बरीच कमी लागते, आवाज तसूभर बदलत नाही, आणि गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख फाइलीच्या आतच लिहिता येते. ती नावं देवनागरीत लिहा, चालतात. शिवाय फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाचा एमडीफाइव्ह ठसा, म्हणजे त्या आवाजावरून काढलेला एक ओळख-आकडा, साठवलेला असतो. फ्लॅकच्या चाचणीच्या साधनाने तो केव्हाही ताडून बघता येतो, आणि डिस्कवर पडून पडून आवाजाचा एक बिट जरी बदललेला असला तरी ती चाचणी सांगते. साध्या वेव्हमध्ये ही सोय नाही.